नायगारा झाला असेल तर डी मॉइनही पाहावे

मा. संपादक यांस,
स. न. वि. वि.

अमेरिकेत मुलांकडे राहायला जाणाऱ्या आईवडिलांनी तिकडे काय काय पाहावे, याविषयी आपल्या दैनिकाच्या रविवारच्या पुरवणीत आलेला लेख मी दोनदा वाचला. औषधांच्या चिठ्ठ्या बरोबर ठेवण्याविषयीची आणि विमानतळावर चाकाची खुर्ची मागून घेण्याविषयीची सूचना खरोखर उपयोगाची आहे. पाहण्याच्या ठिकाणांची यादी मात्र वर्षानुवर्षे चालत आलेली तीच आहे : न्यूयॉर्कचा पुतळा, नायगारा, वॉशिंग्टन, लास वेगास आणि वेळ उरला तर फ्लोरिडा. लेखासोबतच्या नकाशात देशाचा मधला भाग जवळपास कोराच होता. तिथे शिकागो हे एक नाव होते आणि त्याच्या डावीकडे बारीक अक्षरांत 'देस मोइनेस' असे छापले होते. त्या गावाविषयी, म्हणजे आयोवा राज्याची राजधानी डी मॉइनविषयी, लेखात एक ओळही नव्हती. त्याच गावी मी आणि माझी सौभाग्यवती दोन दिवस राहून आलो. आमच्यासारख्या कास्तकार घरातून तिकडे जाणाऱ्या माणसाला या यादीतल्या कोणत्याही ठिकाणापेक्षा ते गाव अधिक कळेल, असे माझे स्पष्ट मत झाले आहे, म्हणून हे पत्र लिहीत आहे.

मी जिल्हा परिषदेच्या शाळेतून निवृत्त झालेला शिक्षक आहे. दर्यापूर तालुक्यात माझे सात एकर वावर आहे आणि त्यात कपाशी, तूर व सोयाबीन आलटून पालटून असते. मुलगा शिकागोच्या एका उपनगरात नोकरी करतो. त्याने आम्हांला रीतीप्रमाणे न्यूयॉर्क आणि नायगारा दाखवून आणले. दोन्ही पाहिले, फोटो काढले, थक्कही झालो. परंतु नायगाऱ्याच्या कठड्याला टेकून उभे असताना आपण कोणाला काही विचारावे किंवा आपल्याला कोणी काही विचारावे असे तिथे काही नाही, ही जाणीवही झाली. आयोवा राज्यात जायचे का, असे मीच मुलाला विचारले, तेव्हा त्याने आधी हसून घेतले. त्याच्या कार्यालयातील मंडळी त्या राज्याला विमानाच्या खिडकीतून ओलांडायचा प्रदेश समजतात, असे त्याने सांगितले. मला मात्र कृषिशास्त्रज्ञ जॉर्ज वॉशिंग्टन कार्व्हर ज्या भूमीत शिकले ती पाहायची होती. आमच्या पिढीच्या शिक्षकांनी त्यांचे चरित्र वर्गात इतक्या वेळा सांगितले आहे की, गुलामीत जन्मलेला तो मुलगा आमच्याच तालुक्यातला वाटतो.

आम्ही निघालो तो शुक्रवार नेमका पोळ्याचा होता. घरी सालदाराने बैलजोडी सजवल्याचे फोटो सकाळीच आले, त्यामुळे सौभाग्यवतींचे मन अर्धे गावाकडेच होते. शिकागोहून पश्चिमेला जाणारा ८० क्रमांकाचा महामार्ग धरला की मिसिसिपी नदी लागते आणि ती ओलांडली की आयोवा सुरू होते. वॉलकॉट या गावाजवळ मालमोटारींचा एक थांबा आहे, तो जगातील सर्वांत मोठा असल्याचे तिथली मंडळी अभिमानाने सांगतात. तिथे आम्ही डब्यातले पुरण खाल्ले. त्यानंतर साधारण तीन तास दोन्ही बाजूंना मका आणि सोयाबीन, सोयाबीन आणि मका. मुलगा कंटाळला, मी मात्र कंटाळलो नाही. सोयाबीनच्या ओळी, झाडाची उंची, शेंगांचा लाग, मधे कुठे तण राहिले आहे का, हे चालत्या गाडीतून पाहण्यात माझे तीन तास कसे गेले ते मला कळले नाही.

राजधानीचे हे शहर डी मॉइन आणि रॅकून या दोन नद्यांच्या संगमावर वसलेले आहे. २०२० च्या जनगणनेत त्याची लोकसंख्या सव्वादोन लाखांच्याही आत होती, म्हणजे आपल्या अमरावतीच्या जेमतेम एक-तृतीयांश. उंच इमारती आहेत त्या बहुतेक विमा कंपन्यांच्या. हिवाळ्यात बर्फातून चालावे लागू नये म्हणून या इमारती दुसऱ्या मजल्यावरून काचेच्या बंदिस्त पुलांनी एकमेकींना जोडल्या आहेत आणि ते जाळे सुमारे चार मैलांचे आहे. टेकडीवरील विधान भवनाच्या मधल्या घुमटावर २३ कॅरेट सोन्याचा वर्ख आहे. आम्ही पोचलो तेव्हा उन्हे कलली होती आणि तो घुमट दुरूनच झळकत होता. १८७१ ते १८८६ या काळात बांधलेली ही इमारत आतून फुकट पाहता येते. ती सुंदर आहे, परंतु सुंदर विधान भवने अनेक राज्यांत असतील, म्हणून तिच्याविषयी एवढेच.

शनिवारी सकाळी कोर्ट अॅव्हेन्यू या रस्त्यावर शेतकऱ्यांचा बाजार भरतो. मे ते ऑक्टोबर दर शनिवारी, सकाळी लवकर सुरू होऊन दुपारी बारापर्यंत, रस्ते वाहनांना बंद करून. टोमॅटो, वांगी, मिरच्या, मध, चीज, फुलांचे गुच्छ आणि ढिगांनी गोड मक्याची कणसे, ही डझनावर विकतात. पिकवणारा स्वतः पाटीमागे उभा असतो, मधे अडत्या नाही, हर्रास नाही, कडता नाही. पाहून बरे वाटले आणि थोडे वाईटही वाटले. मात्र मुलाने एक गोष्ट लक्षात आणून दिली ती इथे सांगितली पाहिजे, नाहीतर चित्र खोटे होईल. आदल्या दिवशी रस्त्याच्या कडेला तीन तास जे पीक पाहिले, त्यातले या बाजारात काहीही नव्हते. तो मका माणसाने भाजून खाण्याचा नव्हे. तो इथेनॉलच्या कारखान्यात जातो किंवा डुकरांच्या खाद्यात जातो. मका आणि डुकरे या दोन्हींत आयोवा देशात पहिला आहे. बाजारातले विक्रेते म्हणजे भाजीपाल्याचे लहान शेतकरी. राज्यातील शेताचे सरासरी आकारमान मात्र साडेतीनशे एकरांच्या आसपास आहे.

मध विकणाऱ्या एका म्हाताऱ्या गृहस्थांशी मुलाच्या मध्यस्थीने माझी बोलाचाली झाली. मी सोयाबीन पेरतो हे कळताच त्यांनी दोन गिऱ्हाइके बाजूला ठेवून एकरी उत्पन्न विचारले. पाऊस नीट झाला तर आमच्याकडे पाच-सहा क्विंटल होते, असे मी सांगितले. त्यांच्याकडचा हिशेब बुशेलमध्ये असतो, सोयाबीनचे एक बुशेल म्हणजे २७ किलोंहून थोडे अधिक. एकरी ६० बुशेल, म्हणजे सोळा क्विंटल, त्यांना नेहमीचे वाटते. भाव त्या दिवसांत बुशेलला दहा डॉलरच्या आसपास होता. मुलाने मोबाइलवर हिशेब मांडला, तो क्विंटलला सव्वातीन हजार रुपयांच्या आसपास निघाला, आणि आपला २०२५-२६ चा हमीभाव ५,३२८ रुपये आहे. आमच्या बाजार समितीत हमीभावाने माल किती जातो ते आपणांस ठाऊक आहेच, तरीही हा आकडा ऐकून मी गप्प झालो. त्या गृहस्थांनी मग स्वतःच सांगितले की त्यांच्या वडिलांची जमीन १९८५ मध्ये कर्जापायी गेली. १९८१ पासून पाच-सहा वर्षांत आयोवातील जमिनीचे भाव निम्म्याहून अधिक उतरले होते, व्याज भडकले होते, बँका बुडत होत्या आणि कास्तकार जीव देत होते. १९८५ मध्येच राज्याच्या कृषी विद्यापीठाच्या विस्तार विभागाने अडचणीतल्या शेतकरी कुटुंबांसाठी दूरध्वनी सेवा सुरू केली. हे सर्व ते मधाच्या बाटल्या पुसत पुसत सांगत होते. आमच्या भागातून आलेल्या माणसाला यापुढे काही समजावून सांगण्याची गरज नव्हती. मी सांगावे असेही काही नव्हते. आम्ही एक बाटली मध घेतला.

बाजारापासून नदीकाठी चालत जाण्याइतक्या अंतरावर १९०३ मध्ये बांधलेली सार्वजनिक वाचनालयाची जुनी दगडी इमारत आहे. वाचनालय दुसरीकडे गेल्यावर ती इमारत नीट दुरुस्त करून २०११ मध्ये जागतिक अन्न पुरस्काराचे स्मृतिभवन म्हणून उघडण्यात आली. हरितक्रांतीचे नॉर्मन बोरलॉग मूळचे याच राज्यातल्या क्रेस्को गावचे. १९७० मध्ये त्यांना शांततेचे नोबेल मिळाले, कारण शेतीसाठी नोबेल नाही. ती उणीव भरून काढावी म्हणून त्यांनी १९८६ मध्ये हा पुरस्कार सुरू करवला आणि पुढे डी मॉइनमधील जॉन रुआन या मालवाहतूक व्यावसायिकाने त्याला आर्थिक आधार देऊन तो या शहरात आणला. १९८७ चा पहिलाच पुरस्कार डॉ. एम. एस. स्वामिनाथन यांना मिळाला आणि १९८९ चा डॉ. व्हर्गीस कुरियन यांना. ही दोन नावे अपेक्षित होती. विजेत्यांची नावे वाचत पुढे जाताना १९९८ या वर्षापाशी मी थांबलो : बद्रीनारायण बरवाले, भारत. भेंडीच्या बियाण्यापासून सुरुवात करून १९६४ मध्ये जालन्यात बियाणे कंपनी उभी करणारे बरवाले. त्यांच्या कंपनीच्या कपाशीच्या पिशव्या मी कित्येक हंगाम फोडल्या आहेत. काही पिशव्यांनी पीक दिले, काहींच्या नावाने मी बोटेही मोडली आहेत, आणि बीटी कपाशीने आमच्या भागाचे भले किती केले यावर आमच्या पारावर आजही दोन तट आहेत. परंतु जालना माझ्या गावाहून एका दिवसात जाऊन येण्याजोगे असताना, तिथल्या माणसाला शेतीतला हा सर्वांत मोठा मान मिळाला हे मला सातासमुद्रांपलीकडच्या भिंतीवर वाचून कळावे, याची शिक्षक म्हणून लाज वाटली. वर्गात मी मुलांना क्रिकेटचे विश्वचषक कोणत्या वर्षी जिंकले ते विचारत असे.

त्याच भवनात कार्व्हर भेटले. इंडियानोला येथील महाविद्यालयातून १८९१ मध्ये ते एम्स येथील कृषी महाविद्यालयात आले. तिथले ते पहिले कृष्णवर्णीय विद्यार्थी आणि पुढे पहिले कृष्णवर्णीय अध्यापक. एम्स इथून उत्तरेला मोटारीने अर्ध्यापाऊण तासावर आहे. तिथल्या एका प्राध्यापकाच्या लहान मुलाला ते वनस्पती ओळखायला बरोबर हिंडवत. तो मुलगा म्हणजे हेन्री वॉलेस. त्याने १९२६ मध्ये याच डी मॉइनमध्ये संकरित मक्याच्या बियाण्याची कंपनी काढली, पुढे तो देशाचा कृषिमंत्री आणि १९४१ ते १९४५ या काळात उपराष्ट्राध्यक्ष झाला. गुलामीत जन्मलेल्या तरुणाचे बोट धरून रानात फिरलेले पोर देशाच्या कृषिमंत्रिपदावर बसते, हे वाचून मी तिथल्या बाकावर थोडा वेळ बसून राहिलो.

दुपारी अर्बनडेल या उपनगरात गेलो. महामार्गाच्या कडेलाच पाचशे एकरांवर पसरलेले शेतीचे एक जिवंत संग्रहालय १९७० पासून तिथे आहे. जिवंत म्हणण्याचे कारण, काचेच्या कपाटात ठेवलेले तिथे फारसे काही नाही. ट्रॅक्टरला जोडलेल्या गाडीत बसवून आपल्याला सोडतात आणि मग आपण एका काळातून दुसऱ्या काळात पायी जातो. ज्या आदिवासी जमातीवरून राज्याला नाव मिळाले त्या आयोवे लोकांची १७०० सालची मका, वाल आणि भोपळ्याची शेती आधी लागते, त्यानंतर १८५० ची नव्याने आलेल्या वसाहतकऱ्यांची लाकडी झोपडी आणि बैलांची शेती, आणि शेवटी १९०० ची घोड्यांची शेती. १९७९ मध्ये पोप जॉन पॉल दुसरे याच जागी आले होते आणि लाखोंचा समुदाय त्यांच्यापुढे बसला होता. ते आले याचे निमित्त, राज्यातल्या एका साध्या शेतकऱ्याने त्यांना हाताने लिहून पाठवलेले आमंत्रणाचे पत्र. पत्र लिहून काय होते, असे मला घरात नेहमी ऐकवले जाते, म्हणून ही माहिती मी मुलाकडून दोनदा वाचून घेतली.

१८५० च्या शेतावर तांबूस रंगाची एक बैलजोडी उभी होती आणि तिथेच आमची दुपार गेली. त्या बैलांना वशिंड नाही. आपल्याकडे जू वशिंडापुढे अडते आणि बैल त्या जोरावर ओढतो. वशिंडच नसेल तर जू अडणार कुठे, असे मी विचारताच, जुन्या पद्धतीचा वेश केलेली तिथली तरुण मुलगी खूश झाली. हा प्रश्न फारसे कोणी विचारत नाही, असे म्हणून तिने जू उतरवून माझ्या हातात दिले. मानेवर आडवे लाकूड आणि त्याला खालून अडकवलेल्या, वाफ देऊन वाकवलेल्या लाकडाच्या दोन कमानी. बैल मानेने नव्हे, तर खांद्याने त्या कमानींना रेटतो. आपल्या शिवळांच्या, म्हणजे जुवातल्या उभ्या खुंट्यांच्या, जागी या कमानी. जू आमच्या जुवापेक्षा आखूड आणि बरेच जड होते, आणि खांद्याला लागणारी बाजू घासून घासून गुळगुळीत केलेली होती. बैलाला उजवीकडे वळवायचे तर 'जी' म्हणायचे आणि डावीकडे वळवायचे तर 'हॉ', असे तिने सांगितले. तोवर सौभाग्यवती एका बैलाच्या मानेखाली खाजवत होत्या. त्या दिवशी आपल्याकडे तान्हा पोळा, म्हणजे पोळ्याचा दुसरा दिवस. त्या मला म्हणाल्या, "याईले काल पुरनाची पोयी कोनं चारली असन जी?" त्यांचे शेवटचे अक्षर ऐकून बैलाने खरोखरच उजवीकडे मान वळवली. मुलाने हे इंग्रजीत सांगितल्यावर त्या मुलीने आम्हांला पोळ्याविषयी इतके प्रश्न विचारले की आमचा तिथला अर्धा तास शिकवणीतच गेला : खांदशेकणी, झूल, बेगड, बाशिंग, तोरण. पुरणपोळी बैलाला का देता, या प्रश्नाला सौभाग्यवतींनी दिलेले उत्तर मुलाला इंग्रजीत नेता आले नाही.

रविवारी सकाळी शहराच्या मध्यभागी २००९ पासून खुले असलेले शिल्पांचे उद्यान पाहिले. स्पेनच्या जॉमे प्लेन्सा यांनी केवळ अक्षरे जोडून उभा केलेला, गुडघे पोटाशी घेऊन बसलेला पांढरा माणूस तिथे आहे आणि त्याच्या पोटात शिरता येते. खडूने हात पांढरे केलेल्या माणसाला हे शिल्प आवडणारच. तिथून उत्तरेला मॅड्रिड गावाजवळ डी मॉइन नदीवर जुन्या रेल्वेमार्गाच्या जागी सायकलींचा मार्ग केला आहे. त्यावरचा अर्धा मैल लांबीचा आणि नदीपासून १३० फूट उंचीचा पूल २०११ मध्ये खुला झाला. मूर्तिजापूर ते अचलपूर धावणारी आमची शकुंतला आगगाडी दर्यापूरवरूनच जात असे, त्यामुळे बंद पडलेल्या रुळांचे असेही काही होऊ शकते हे पाहून मी बराच वेळ कठड्याशी उभा राहिलो. गैरसमज नको म्हणून लिहितो, आमची मागणी ब्रॉडगेजचीच आहे, सायकलमार्गाची नाही.

त्याच पुलावरून खालची नदी फार स्वच्छ दिसते, परंतु तसे नाही. आयोवातील शेतांखाली पाणी काढून टाकणाऱ्या नळ्या पुरलेल्या आहेत आणि खतातला नायट्रेट त्यांतून थेट नदीत जातो. शहराला पिण्याचे पाणी याच नद्यांतून मिळत असल्याने नायट्रेट काढण्याचा स्वतंत्र खर्चिक प्रकल्प पाणीपुरवठा मंडळाला चालवावा लागतो. २०१५ मध्ये या मंडळाने वरच्या भागातील तीन जिल्ह्यांच्या निचरा मंडळांवर खटलाही भरला होता, तो २०१७ मध्ये फेटाळला गेला. आम्ही गेलो त्याच उन्हाळ्यात नायट्रेट इतका वाढला होता की बागांना पाणी घालण्यास बंदी करावी लागली होती. मी खारपाणपट्ट्यातला आहे, विहिरीला पाणी असून पिता येत नाही म्हणजे काय हे मला सांगावे लागत नाही. आमचे पाणी निसर्गाने खारवले आहे, त्यांचे एकरी सोळा क्विंटलने बिघडवले आहे, एवढाच फरक.

जाणाऱ्यांसाठी थोडे उपयोगाचे. स्वतःची गाडी असल्याशिवाय या शहरात जाऊ नये. प्रवासी रेल्वे शहराला शिवतच नाही आणि रविवारी मध्यवस्तीत चिटपाखरू दिसत नाही. ऑगस्टमध्ये उकाडा आपल्या भाद्रपदासारखा असतो. याच महिन्यात अकरा दिवस राज्याची मोठी जत्रा भरते आणि तिथे लोण्याची पूर्ण आकाराची गाय करून ठेवतात. ती पाहायची असेल तर खोली फार आधी ठरवावी, नसेल तर ते दिवस टाळावेत. शाकाहारी माणसाने डबा बरोबर ठेवावा. बाजार आणि स्मृतिभवन दोन्ही एकाच सकाळी व्हावीत म्हणून मुक्कामात शनिवार अवश्य धरावा. संग्रहालयात पायी बरेच चालावे लागते, गुडघ्यांचा विचार करून जावे.

आणि एक विनंती. पुरवणीत हा नकाशा पुन्हा छापाल तेव्हा गावाचे नाव 'डी मॉइन' असे छापावे. त्यातले दोन्ही 'स' लिहायचे असतात, उच्चारायचे नसतात, असे मधवाल्या गृहस्थांनी मला तीनदा म्हणवून घेऊन शिकवले आहे.

आपला,
एक निवृत्त शिक्षक व कास्तकार,
ता. दर्यापूर, जि. अमरावती